ए-टू जॅकेटवरची कातडी नावपट्टी: पहिल्यांदाच करून घेणाऱ्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकाच्या ए-टू जॅकेटची चांगली प्रतिकृती घ्यायची तर माणूस बराच काळ पैसे बाजूला टाकतो. घोड्याचं कातडं, जुन्या घडणीची चेन, कॉलरच्या आतलं लेबल, मनगटावरची लोकरी विणाई, सगळं पारखून घेतो. छातीवरची नावपट्टी मात्र भेटवस्तूंच्या दुकानात लेझरवर कोरून घेतो, तासाभरात. पुढे एखादा जाणकार भेटला की त्याची नजर पहिली त्या पट्टीवर जाते आणि तो गालातल्या गालात हसतो.

असं का होतं, ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. जॅकेट कारखान्यात शिवलं जायचं, ठरलेल्या आराखड्यानुसार, हजारोंच्या संख्येनं. नावपट्टीचं तसं नव्हतं. ती तळावर तयार व्हायची. पॅराशूट दुरुस्त करणाऱ्यांच्या शिवणयंत्रावर, तळाबाहेरच्या चामडेवाल्याकडे, नाहीतर अक्षरांच्या ठशांचा संच बाळगणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याकडून. त्यामुळे ‘अस्सल नमुना कोणता?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. विचारायचं ते असं: ही पट्टी कुणी, कुठे आणि कुठल्या अवजारानं बनवली असेल? खाली दिलेल्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न परत परत विचारायचा आहे.

पायरी १: अंगावर काय आहे ते ओळखा

कॉलरच्या आतलं लेबल वाचा. ए-टू हा प्रकार अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेनं ९ मे १९३१ रोजी मंजूर केला. लेबलवर ‘टाइप ए-टू’, त्याखाली आराखड्याचा क्रमांक ३०-१४१५, मग कंत्राटाचा क्रमांक आणि कंपनीचं नाव असतं. चांगली प्रतिकृती बनवणारे एखादं विशिष्ट कंत्राटच डोळ्यांसमोर ठेवतात: रफ वेअरचं २७७५२, एअरोचं १५१४२, ब्रॉन्कोचं २९१९१. आपलं कुठलं आहे ते टिपून ठेवा. १९४३ मध्ये नवीन ए-टूची खरेदी थांबली आणि तिच्या जागी कापडी बी-टेन जॅकेट आलं. ज्यांच्याकडे ए-टू होतं त्यांनी ते सोडलं नाही, युद्ध संपेपर्यंत घातलं. म्हणजे १९४२ च्या जॅकेटवर १९४५ ची पट्टी शोभते. त्याच जॅकेटवर १९८८ ची शोभत नाही.

१९८८ चा उल्लेख मुद्दाम केला. त्या वर्षी अमेरिकी हवाई दलानं ए-टू परत आणलं, या वेळी बकरीच्या कातड्याचं. त्यावरची पट्टी साधारण चार इंच लांब, दोन इंच उंच, पंखांचं चिन्ह ठसवलेली आणि वेल्क्रोनं चिकटणारी असते. बाजारात ‘ए-टू नेमटॅग’ म्हणून शोधलं की बहुतेक हीच समोर येते, आणि नवखा माणूस तीच मागवून १९४२ च्या जॅकेटवर लावतो. वेल्क्रो ही १९५० च्या दशकातली गोष्ट आहे. महायुद्धातल्या जॅकेटवर ती दिसली की पुढे काही बघायची गरज उरत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. अमेरिकी नौदलाचं, फरच्या कॉलरचं जॅकेट असेल (युद्धकाळातलं एम-४२२ए किंवा नंतरचं जी-वन), तर पट्टी मोठी आयताकृती, साधारण चार बाय दोन इंच. त्यावर सोनेरी वर्खात पंख, खाली नाव, त्याखाली हुद्दा आणि नौदलाची आद्याक्षरं. हवाई दल १९४७ मध्ये वेगळं झालं, त्यानंतरच्या नायलॉन जॅकेटांवरही कातडी पट्ट्या आल्या आणि त्यांवर बहुधा रुपेरी वर्ख असतो. ब्रिटिशांच्या इर्विन जॅकेटवर अशी पट्टी लावायची पद्धत नव्हती. तुमच्याकडे इर्विन असेल तर हा लेख इथेच मिटवा, पैसे वाचले.

इथून पुढे मी प्रामुख्यानं युद्धकाळातल्या ए-टूबद्दल बोलणार आहे. सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

पायरी २: विकायला ठेवलेल्या पट्ट्या बघू नका, जुने फोटो बघा

विक्रेत्यांची चित्रं बघून डोळा बिघडतो. त्याऐवजी ओहायो राज्यातल्या डेटन इथल्या अमेरिकी हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या जॅकेटांचे फोटो बघा. इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या अमेरिकन एअर म्युझियमनं तर तिथून उडालेल्या अमेरिकी तुकड्यांचे हजारो जुने फोटो लोकांसाठी खुले केले आहेत. विमानासमोर ओळीत उभे असलेले दहा जण, असा फोटो शोधा आणि मोठा करून एकेकाची छाती बघा.

काय दिसेल? काहींच्या जॅकेटवर पट्टीच नाही. ज्यांच्या आहे, ती लहान आहे: साधारण अर्धा ते पाऊण इंच उंच, तीन ते चार इंच लांब. कुणाची किंचित तिरकी. एकाच विमानातल्या दोघांच्या पट्ट्या वेगळ्या रंगाच्या. बहुतेकांवर फक्त नाव, काहींवर हुद्दा. जागा डाव्या छातीवर, खिशाच्या झाकणाच्या वर. स्क्वाड्रनचं चिन्ह त्याच बाजूला असेल तर पट्टी बऱ्याचदा त्याच्या डोक्यावर असते.

आपल्या मनातल्या पट्टीपेक्षा ती बारीक असते, हे डोळ्यांत ठसेपर्यंत फोटो बघा. माझ्या मते नव्वद टक्के नवख्यांची पट्टी केवळ आकारामुळे फसते. कातडं चुकलं, अक्षर चुकलं तरी चालून जातं. एक इंचाहून उंच पट्टी मात्र लांबूनच ओळखू येते.

पायरी ३: पट्टीवर काय लिहायचं

रोमन लिपीतली मोठी अक्षरं, एकच ओळ. अमेरिकी रीत म्हणजे स्वतःचं नाव, मधल्या नावाचं आद्याक्षर आणि आडनाव. किंवा दोन आद्याक्षरं आणि आडनाव. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशी तीन नावं असतातच, त्यामुळे मराठी माणसाचं नाव या साच्यात न ओढाताण करता बसतं. ‘व्ही. एस. क्षीरसागर’ असं रोमनमध्ये लिहिलं की पट्टी तयार.

आता लांबीचा हिशेब. अक्षराची उंची पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास धरा. अशा साध्या अक्षराला शेजारच्या फटीसकट पाच मिलिमीटर लागतात. क्षीरसागरची रोमनमध्ये दहा अक्षरं, दोन आद्याक्षरं, दोन पूर्णविराम आणि आडनावाआधीची एक मोकळी जागा धरून पंधरा घरं झाली. पंधरा पंचे पंचाहत्तर मिलिमीटर. दोन्ही कडांना सहा-सहा मिलिमीटर सोडले की सत्त्याऐंशी, म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच. बसलं. ‘लेले’ किंवा ‘बापट’ असाल तर पट्टी अडीच इंचांत आटपते. ती उगाच चार इंच ओढून दोन्ही बाजूंना मोकळं मैदान ठेवू नका. त्यापेक्षा आद्याक्षराऐवजी पूर्ण नाव घाला.

हुद्दा घालावा का? मी घालत नाही. हुद्दा बढतीबरोबर बदलायचा आणि तो दाखवायला खांद्यावरच्या पट्ट्या होत्याच, त्यामुळे अनेकांनी पट्टीवर नुसतं नाव ठेवलं. शिवाय आपण लेफ्टनंट नाही.

रक्तगट, विमानाचं टोपणनाव, झेंडा, कवटी हे सगळं या अर्ध्या इंचावर कोंबायचा मोह टाळा.

पायरी ४: कातडं

इथे थोडं सावकाश वाचा. ठसा उमटतो की नाही हे अवजारापेक्षा कातड्यावर जास्त ठरतं.

कातडं कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक क्रोमच्या क्षारांनी, दुसरी झाडांच्या सालीतल्या टॅनिननं. आज बाजारात मिळणाऱ्या पर्स, जॅकेटं, सोफे यांचं बहुतेक कातडं क्रोमचं असतं. ते मऊ, लवचिक असतं, त्यामुळे त्यावर दाबलेला ठसा हळूहळू वर येतो आणि पुसट होतो. सालीनं कमावलेलं कातडं ओलं केलं की मातीसारखं आकार घेतं आणि वाळलं की तो सोडत नाही. कोरडा ठसा हवा असेल तर याला पर्याय नाही.

आणि हे कातडं आपल्या दाराशी आहे. कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावतात. तमिळनाडूत ई.आय. नावानं ओळखलं जाणारं, सालीनंच कमावलेलं पातळ कातडं तयार होतं, तेही या कामाला उत्तम. कोल्हापुरात कारागिराकडे मागताना तळव्याचं जाड कातडं नको, वरच्या पट्ट्याचं पातळ हवं, असं स्पष्ट सांगा. जाडी एक ते दीड मिलिमीटर पुरे. म्हशीच्या कातड्याचा पोत जरा ठळक असतो, तेव्हा गुळगुळीत भागातून तुकडा निवडा. एवढ्याशा पट्टीला कतरणही पुरते आणि कतरणीचे पैसे बहुतेक जण घेत नाहीत. चहाचे द्या.

दुकानदार सांगेल ते खरं कसं मानायचं? कापलेली कड बघा. क्रोमच्या कातड्यात मधला थर बऱ्याचदा निळसर-राखाडी दिसतो, सालीच्या कातड्यात तपकिरी. न रंगवलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका, सालीचं कातडं तो पटकन पिऊन गडद होतं. नखानं दाबा, खूण राहिली पाहिजे. अगदीच शंका असेल तर कतरणीचा कोपरा जाळा. सालीचं कातडं काळं पडून राखाडी राख देतं, क्रोमची राख हिरवट येते. हा प्रयोग गॅलरीत करा, घरात वास राहतो.

रंगाला नियम नाही. नैसर्गिक तांबूस, गडद तपकिरी, काळा, सगळे तेव्हाही होते. जॅकेटच्याच कातड्याचा आणि रंगाचा तुकडा लावला की मात्र सगळं एकाच कारखान्यातून आल्यासारखं दिसतं, आणि सुरुवातीला सांगितलं तेच मोडतं. जॅकेट गडद असेल तर पट्टी एक-दोन छटा फिकी घ्या.

पायरी ५: अक्षरं कशी उमटवायची

तीन रस्ते आहेत.

पहिला कोरड्या ठशाचा. पोलादी अक्षरांचे ठसे, पाव इंची, हार्डवेअरच्या दुकानात ‘लेटर पंच’ म्हणून डबीत मिळतात. कारखान्यांत लोखंडावर क्रमांक उठवायला वापरतात तेच. संच स्वस्त असतो आणि जन्मभर पुरतो. कातडं ओल्या स्पंजनं दोन्ही बाजूंनी दमट करा, भिजवू नका. मूळ रंग परत दिसायला लागला की ठोकायची वेळ झाली. खाली ग्रॅनाइटचा तुकडा, हातात लाकडी मोगरी, आणि प्रत्येक अक्षराला एकच ठाम ठोका. दोनदा मारलं की अक्षर दुहेरी येतं. ओळ सरळ यावी म्हणून खालच्या कडेला स्टीलची पट्टी टेकवून ठसे तिच्यावर उभे करा. ठशांवर गंज नको, कारण लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की निळे-काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. जुनी काळी शाई याच रसायनावर चालायची.

या पद्धतीत अक्षरं थोडी वरखाली, थोडी तिरकी येतात. येऊ द्या. तळावर हातानं बनवलेल्या पट्टीवर ती तशीच यायची. मुद्दाम वेडंवाकडं मात्र करू नका. तेव्हाचा माणूसही सरळ मारायचाच प्रयत्न करत होता, आणि ती धडपड अक्षरांत दिसते.

दुसरा रस्ता वर्खाचा. तापवलेली पितळी अक्षरं, मध्ये सोनेरी किंवा रुपेरी वर्ख, आणि दाब. अमेरिकेत या कामाला किंग्सली नावाचं छोटं यंत्र प्रसिद्ध आहे आणि हौशी लोक आजही जुनी यंत्रं शोधून विकत घेतात. आपल्याला एवढं दूर जायचं कारण नाही. विद्यापीठांच्या आसपास पीएच.डी.चे प्रबंध बांधून देणारे बाइंडर असतात. प्रबंधाच्या पाठीवर नाव आणि वर्ष सोनेरी अक्षरांत उमटवतात ती हीच कला. पुण्यामुंबईत असे बाइंडर सहज सापडतात. कातड्याचा कापलेला तुकडा सोबत न्या, गर्दीच्या महिन्यात जाऊ नका आणि आधी कतरणीवर एक ठसा मारून बघायला सांगा. रेक्झिनवर चालणारं तापमान कातड्याला जास्त होऊ शकतं. शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास बहुतेक वर्ख बसतात, त्याहून फार वर गेलं की कातडं करपून अक्षराभोवती काळी कड येते. आणखी एक सूचना: बाइंडरकडे नक्षीदार टोकांची अक्षरंही असतात आणि तो प्रेमानं तीच लावेल. ‘साधी, बिनटोकांची’ असं आधीच सांगा.

नाव कायमचं एकच असेल आणि मित्रांनाही पट्ट्या करायच्या असतील, तर छपाईच्या बाजारात ब्लॉक बनवणाऱ्याकडून धातूचा ब्लॉक करून घेता येतो. तिथे संगणकावरचा फॉन्ट द्यावा लागतो, आणि इथेच बरेच जण घसरतात. हेल्वेटिका १९५७ ची, एरियल १९८२ ची. १९४३ च्या वैमानिकाच्या छातीवर एरियल म्हणजे ऐतिहासिक मालिकेतल्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ. फ्युचुरा १९२७ ची आहे, फ्रँकलिन गॉथिक त्याहून जुनी. यांतली एक घ्या, किंवा जुन्या फोटोतल्या पट्टीशेजारी ठेवून पाहा.

तिसरा रस्ता रंगाचा. बारीक कुंचल्यानं किंवा स्टेन्सिलनं नाव रंगवणं. तेव्हाही हे व्हायचं. हात स्थिर असेल तर करा, नाहीतर रंगवलेली अक्षरं शाळेच्या दप्तरावरच्या नावासारखी दिसतात.

लेझरबद्दल विचारलं जातंच, म्हणून सांगतो. लेझर कातडं जाळतो, दाबत नाही. खरा ठसा बघा: अक्षराच्या तळाशी कातडं दबून चकाकतं आणि कडा गोलसर उतरतात. लेझरचा तळ खडबडीत, करपलेला, आणि कडा ब्लेडसारख्या. हा फरक हाताला कळतो, फोटोतही कळतो.

पायरी ६: बाहेरून मागवायची की इथे करायची

परदेशात या एका कामावर पोट भरणारे लोक आहेत आणि त्यांतले काही फार चांगलं काम करतात. जॅकेट ज्या कंपनीचं आहे तिला आधी विचारा. इंग्लंडमधली ईस्टमन, स्कॉटलंडमधली एअरो, जपानमधल्या बझ रिकसन्स आणि रिअल मॅककॉइज यांच्याकडचे लोक या विषयात मुरलेले आहेत, ते स्वतः करत नसले तरी दिशा सांगू शकतात. दुसऱ्या कुणा विक्रेत्याकडून घेत असाल तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: कातडं कोणतं, अक्षर दाबलेलं की जाळलेलं, अक्षराची उंची किती, आणि पाठीमागे वेल्क्रो नाही ना. उत्तरात ‘प्रीमियम क्वालिटी’ एवढंच आलं तर दुसरा विक्रेता बघा. नावाचं रोमन स्पेलिंग फोनवर कधीच सांगू नका, लिहून द्या आणि ठसा मारण्यापूर्वी मांडणीचा फोटो मागा. आपली आडनावं तिकडच्यांना अनोळखी असतात, देशपांडेमधला एखादा ‘एच’ सहज गळतो. वस्तूपेक्षा टपाल आणि जकात महाग पडेल, हेही धरून चला.

मी इथे करून घेण्याच्या बाजूचा आहे, आणि याला स्वस्ताईखेरीज एक कारण आहे. युद्धकाळात भारत हा अमेरिकी हवाई दलाचा मोठा तळ होता. आसाममधल्या छाबुआ, दिनजान अशा धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकाकडचे डोंगर ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला सामान नेलं जायचं. वैमानिक या मार्गाला ‘द हंप’ म्हणायचे. या सैनिकांनी इथल्या बाजारांतून आपली चिन्हं करवून घेतली, काही जरीची, काही कातड्याची. चीन-ब्रह्मदेश-भारत या रणक्षेत्राची ढाल, म्हणजे निळ्या भागात चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे, ही भारतीय कारागिरांनी कातड्याचे तुकडे जोडून बनवलेली आजही संग्राहकांकडे आढळते. म्हणजे तुमचा काल्पनिक वैमानिक छाबुआचा असेल, तर भारतीय कारागिरानं भारतीय कातड्यावर ठसवलेली पट्टी ही नक्कल उरत नाही, ती त्या काळाच्या रीतीनंच झालेली असते. तो इंग्लंडमधल्या आठव्या एअर फोर्सचा असेल तर मात्र काम जरा तिकडच्या वळणाचं, साधं, जरीबिरीशिवाय ठेवा.

धारावीतल्या चामड्याच्या दुकानांमागे काम करणारे कारागीर, कोल्हापुरातले चपला बनवणारे, किंवा तुमच्या चौकातले बूट दुरुस्त करणारे काका, यांपैकी कुणीही हे करू शकतं. अडचण कौशल्याची नसते, कल्पनेची असते. ‘जुन्यासारखं करा’ म्हटलं की ते आपुलकीनं नक्षी काढतात, कडा गोल करतात, पॉलिश मारतात. म्हणून जुन्या पट्टीचा फोटो खऱ्या मापात छापून न्या आणि ‘काका, हे असंच, एवढंच, पॉलिश नको’ असं सांगा. कडा रापीनं सरळ कापलेल्या, कोपरे चौकोनी. कडेला रंगाचा हात लावू नका.

पायरी ७: जॅकेटवर बसवणं

कातड्याला एकदा पडलेलं भोक बुजत नाही. कापडासारखं उसवून पुन्हा शिवता येईल या भरवशावर राहू नका. म्हणून आधी कागदाची त्याच मापाची पट्टी कापून, हलक्या चिकटपट्टीनं जॅकेटवर लावा. जॅकेट घालून, चेन लावून, आरशासमोर उभे राहा. टेबलावर सरळ दिसणारी पट्टी अंगावर काखेकडे घसरलेली दिसते, कारण छाती सपाट नसते. एक-दोन दिवस कागद तसाच ठेवून घरात वावरा.

जागा पक्की झाली की भोकं पट्टीला आधी पाडा, जॅकेटला नंतर. इंचाला आठ ते दहा टाके पुरेत. त्याहून दाट केले तर पट्टीची कड टपालाच्या तिकिटासारखी फाटते. कडेपासून दोन-अडीच मिलिमीटर आत रेघ मारून टोच्यानं भोकं पाडा. मग पट्टी जागेवर ठेवून त्याच भोकांतून जॅकेटचं वरचं कातडं टोचा. चिकटवायला खळ किंवा रबर सोल्युशनचा एखादा थेंब चालेल, तोही फक्त शिवताना सरकू नये म्हणून. कायमचं चिकटवणारे गोंद नकोत, पुढे काढायची वेळ आली तर जॅकेटचा रंग घेऊनच निघतात.

टाका अस्तरातून आरपार न्यावा का? जुन्या जॅकेटांवर दोन्ही दिसतं. यंत्रावर घाईनं शिवलेल्यांचे टाके आत अस्तरावर चौकट काढून बसलेले असतात. हातानं शिवत असाल तर अस्तर वाचवा. खालच्या विणकामाच्या शिवणीजवळ अस्तर थोडं उसवून आत हात घालता येतो, पण हे काम शिंप्याकडून करवून घ्या. यंत्रावर शिवायचं ठरलं तर कातड्याची सुई लावणाराच गाठा, घरच्या यंत्राची सुई घोड्याच्या कातड्यात मोडते.

दोरा सुती, मेण लावलेला. पॉलिएस्टरचा दोरा त्या काळात बाजारात नव्हता. शिवाय आजच्या पांढऱ्या दोऱ्यांत चमक आणणारी रसायनं असतात, ती अतिनील दिव्याखाली निळसर उजळतात, आणि संग्राहक खरं-खोटं करताना हाच दिवा काढतात. तुम्हाला कुणाला फसवायचं नाही, तरी सुती दोऱ्याचा मळकट रंग दिवसाउजेडीही वेगळाच दिसतो. तपकिरी, काळा किंवा मळखाऊ खाकी, पट्टीच्या रंगाशी अगदी जुळला नाही तरी हरकत नाही.

पायरी ८: जुनी दिसावी म्हणून

फार काही करू नका. सँडपेपर, चहाचं पाणी, ब्लीच, बूटपॉलिशचे थर, हे सगळं करून झालेली पट्टी जुनी दिसत नाही, छळलेली दिसते. सालीनं कमावलेलं कातडं उन्हानं आपोआप गडद होतं. खिडकीत काही दिवस ठेवा, अधूनमधून हातात घेऊन चोळा. हाताचं तेल उत्तम काम करतं. नवा वर्ख फार लखलखत असेल तर मऊ सुती फडक्याला किंचित मेण लावून हलकेच पुसा, उंच भागावरचा थोडा वर्ख जातो आणि खोलगट भागातला राहतो. तिथेच थांबा.

एक बारीक गोष्ट: शिवण्याआधी पट्टी जुनी केली आणि दोरा कोरा राहिला, तर विसंगती दिसते. आधी शिवा, मग दोघांना एकत्र मळू द्या. पावसाळ्यात जॅकेट कपाटात कोंबून ठेवू नका. आपल्या हवेत बुरशी पट्टीपासूनच सुरू होते, कारण तिला रंगाचा थर नसतो.

पायरी ९: कुणाचं नाव

स्वतःचं नाव घालणं मला सर्वांत बरं वाटतं. काहींना ते खटकतं, १९४३ च्या अमेरिकी जॅकेटवर ‘क्षीरसागर’ कसं काय म्हणून. ते काल्पनिक अमेरिकी नाव घालतात. तेही ठीक. युद्धात मारल्या गेलेल्या खऱ्या वैमानिकाचं नाव त्याच्या स्क्वाड्रनच्या चिन्हासकट लावणं मात्र मी टाळतो. त्या माणसाची नातवंडं आज हयात असतात, त्याच फोटोसंग्रहांत आपल्या आजोबांना शोधत असतात. घरातल्या कुणी खरोखर त्या काळात सेवा केली असेल आणि त्यांची आठवण म्हणून करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कुटुंबाला विचारलं की झालं.

आणि शिवायच्या आधी, पट्टी अजून सुटी असताना, तिच्या मागच्या खरखरीत बाजूवर बॉलपेननं बनवल्याचं वर्ष आणि गाव लिहून ठेवा. समोरून काही दिसत नाही. तीस वर्षांनी हे जॅकेट कुणाच्या हातात जाईल आणि तो काय सांगून विकेल, ते तुमच्या ताब्यात नसतं. पट्टी उसवून पाहणाऱ्याला निदान तेवढं वाचता येईल.